लोंबता रिसीव्हर

१

रिसीव्हर स्टुलाच्या कडेवरून खाली लोंबत होता, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. साडेचार वाजता वरच्या मजल्यावरची भाडेकरीण खाली आली, तेव्हा बाई स्टुलाशेजारी भिंतीला टेकून बसलेल्या होत्या आणि रिसीव्हर त्यांच्या उजव्या हातात होता. नाडी बघायला तिने तो हात उचलला. रिसीव्हर सुटला तो लोंबकळला आणि पुढे बाईंना आत पलंगावर नेलं तरी त्याला कुणी हात लावला नव्हता.

साडेपाचला लाइनमन दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तुम्ही जोडलेल्या लाइनची तक्रार आहे, ताबडतोब या," एवढाच निरोप. मोडेमचा दिवा गेला असेल, आपण दोन मिनिटांत लावू आणि बाई मागच्या वेळेसारखं चहा घ्या म्हणतील, अशा हिशेबाने तो पिशवी खांद्याला लावून आला होता. समोर पोलीस दिसले. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि पलंगावर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी होतं.

"हाच तो," कोपऱ्यातून बाईंचा मुलगा उठला. घरात त्याला सगळे दादा म्हणत. "ह्यानेच फोन कापला. माझी आई मदतीला फोन लावत होती आणि फोन मेलेला होता."

लाइनमनने लोंबणाऱ्या रिसीव्हरकडे पाहिलं. मग चादरीकडे. पिशवी खांद्यावरून कधी घसरली ते त्याला कळलं नाही, पक्कड फरशीवर आपटली तेव्हा सगळ्यांबरोबर तोही दचकला. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरात तारा नेल्या होत्या. आपण नेलेल्या तारेपाशी कुणी मेलं, हे त्याच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

"बसा," इन्स्पेक्टर म्हणाली. चाळिशीची, कमी बोलणारी होती ती. "चार दिवसांपूर्वी इथे नेमकं काय केलंत, ते सांगा."

२

या लाइनमनला ऑफिसात सगळे ऐकाराव म्हणत. त्याला कारण होतं. पूर्वी घरात इंटरनेट घ्यायचं तर टेलिफोन आलाच, दोघांचा संसार एकाच तारेवर. आता फोन नको, नुसतं इंटरनेट द्या, असंही चालतं. तार तीच, पण तिच्यावर आवाज नाही. लोकांना हे पटत नाही. डबा टेबलावर दिसतोय म्हणजे फोन चालू, अशी त्यांची समजूत. म्हणून फोन बंद केला की ऐकाराव ग्राहकाच्या हातात रिसीव्हर द्यायचा, कानाला लावायला सांगायचा आणि म्हणायचा, "ऐका. काही येतंय? नाही ना? आता कायम असंच." तरुण पोरं त्याच्यावर हसायची. तो म्हणायचा, तोंडी सांगितलेलं माणूस विसरतं, कानाने ऐकलेलं विसरत नाही.

बाईंच्या घरीही त्याने तेच केलं होतं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलगी परदेशी. अर्ज मुलाने भरला होता, फक्त इंटरनेट. ऐकारावने बाहेरच्या भिंतीवरची डबी उघडली. हॉल, झोपायची खोली आणि वरचा मजला, अशा तिन्हीकडे गेलेल्या जुन्या तारा सोडवून टाकल्या. नुसत्या इंटरनेटला असले फाटे नकोत, ते लाइनला गळती लावतात. फोनच्या मागच्या, आवाज वेगळा काढणाऱ्या फिल्टरच्या डब्याही काढल्या. मग एकच कोरी तार सरळ हॉलमधल्या मोडेमपर्यंत आणली. काम झकास झालं होतं.

आणि बाई सगळा वेळ त्याच्या मागे लेबलं घेऊन उभ्या. त्या घरात लेबल नाही अशी वस्तू नव्हती. साखरेवर 'साखर', मिठावर 'मीठ', बटणावर 'पंखा', शेजारच्या बटणावर 'पंखा नव्हे'. मोडेमवर त्यांनी लिहून लावलं: 'हात लावू नये.' टॅबवर लावलं: 'काम झालं की पूर्ण बंद करावा.'

"आणि फोनवर?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"मी त्यांना रिसीव्हर ऐकवला. म्हटलं, बाई, हा डबा घेऊन जाऊ का? म्हणाल्या, राहू दे, स्टूल उघडंबोडकं दिसेल. आणि लगेच लेबल लिहून फोनच्या कपाळावर चिकटवलं. 'हा फोन बंद आहे.' दोन ओळी होत्या. दुसरी मी वाचली नाही, चष्मा कपाळावर होता आणि हातात तारा होत्या."

इन्स्पेक्टर उठून फोनपाशी गेली, वाकली आणि परत आली.

"फोनवर लेबल नाही," ती म्हणाली.

३

ऐकारावने स्वतः जाऊन पाहिलं. खरंच नव्हतं. फोन पुसल्यासारखा स्वच्छ.

"फोन बंद करताना ग्राहकाची सही घ्यायची असते ना?" इन्स्पेक्टरने विचारलं. "कल्पना दिली, अशी?"

"असते."

"ती दाखवा."

"नाहीये," ऐकाराव खाली बघत म्हणाला. "बाईंनी फॉर्म वाचला आणि म्हणाल्या, यात चार चुका आहेत. असल्या कागदावर मी सही करणार नाही, सुधारून आणा. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. राहूनच गेलं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, डोळे लालबुंद. "काय पण गोष्टी रचतोय," तो म्हणाला. "माणूस गेलंय आमच्या घरातलं."

तेवढ्यात ऐकारावचा मोबाइल वाजला. ऑफिसातून साहेब होते. बातमी तिथवर पोचली होती. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, साहेब म्हणाले, आणि सही नसेल तर मी काहीच करू शकत नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. पण ऐकारावला त्या क्षणी चौदा महिने दिसत नव्हते. त्याला एकच गोष्ट खात होती. बाईंनी खरोखरच त्या मेलेल्या फोनवर विश्वास ठेवला असेल तर? आपण सांगितलं, ऐकवलं, ही आपली आठवण, पण म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली आणि हात जुन्या सवयीने फोनकडे गेला असेल तर? मग आपल्या पकडीनेच बाई गेल्या. नोकरी राहिली काय आणि गेली काय, हे ओझं चितेपर्यंत उतरणार नव्हतं.

तो फोनपुढे उकिडवा बसला. "मॅडम, हात लावू?"

"बोटाने. दुसरं काही हलवायचं नाही."

फोनच्या कपाळावरून त्याने तर्जनी फिरवली. मध्येच बोट अडलं. बेताच्या लेबलाएवढी चौकोनी जागा चिकट होती. दिसत नव्हती, पण बोटाला लागत होती. त्याने इन्स्पेक्टरलाही बोट फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"डिंक," ती म्हणाली. "बाकी घरात धुळीचा कण नाही. डिंक जुना असता तर बाईंनी पुसला असता."

म्हणजे लेबल होतं आणि आज ते कुणीतरी काढलं होतं. बंद फोनवरची चिठ्ठी मरता मरता बाई स्वतः कशाला काढतील?

४

इन्स्पेक्टरने दोघींना बोलावलं. पहिली वरची भाडेकरीण. ती घरी बसून अनुवादाची कामं करायची. कानावर दिवसभर हेडफोन. तिचं आणि बाईंचं चार दिवसांपूर्वी वाजलं होतं, कारण वरच्या मजल्याची जुनी तार काढताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

"भांडण झालं हे खरं," ती म्हणाली. "पण लगेच मिटलं. बाईंनी मला त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला आणि वर जिन्यावर लेबल लावलं, 'हळू चालावे.' सकाळी नऊपासून मी कामात होते. काही ऐकू आलं नाही. हेडफोन काढायला हवा होता हो मी." ती रडायला लागली. "चारला त्या अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालतात, आज दिसल्या नाहीत म्हणून खाली आले. दार नुसतं लोटलेलं होतं."

"टॅब कुठे होता?"

"आतल्या फळीवर, त्याच्या जागी. फळीवर लेबल आहे ना, 'टॅब'."

दुसरी कामवाली मावशी. सकाळी आठला यायची, अकराला जायची.

"अकराला निघाले तवर ठणठणीत होत्या," मावशी म्हणाली. "मला टॅब शिकवत होत्या. म्हणे बघ, दादाच्या फोटोवर बोट ठेवलं की दादा दिसतो. दिवसातून दहादा लावायच्या. साखर संपली सांगायला लावायच्या, पाखरू खिडकीत बसलं तरी लावायच्या."

"दादाला?"

"मग कुणाला? ताईकडे तर आपल्या दुपारी मध्यरात्र."

आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आले. हृदयविकार, दुसरं काही नाही, ते म्हणाले. बारा ते एकच्या दरम्यान गेल्या. वेळेवर कुणी आलं असतं तर? इन्स्पेक्टरने विचारलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. सांगता येत नाही, म्हणाले, पण गोळी त्यांच्या पलंगापाशीच होती, कुणी आणून द्यायला हवी होती.

इन्स्पेक्टरने हातमोजे घालून फळीवरचा टॅब आणला. बंद होता. चालू करून तिने कॉलची यादी उघडली आणि बराच वेळ बघत राहिली. यादी कोरी होती.

"टॅब वापरलाच नाही तिने," दादा पटकन म्हणाला. "घाबरून फोनकडे गेली."

त्याच वेळी त्याच्या मोबाइलवर परदेशातून बहिणीचा फोन आला. खोलीत इतकी शांतता होती की तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दादा, आईने तुला लावला नाही का रे? टॅबवर? मला परवाच दाखवत होती, तुझा फोटो."

"फोनच बंद होता गं," दादा म्हणाला. "सगळं त्या लाइनमनने—" आणि त्याने फोन ठेवला.

ऐकाराव कोपऱ्यात बसून ऐकत होता. बहिणीने टॅबचं विचारलं होतं. दादाने उत्तर फोनचं दिलं होतं. आणि चार दिवसांत चाळीस वेळा वापरलेल्या टॅबची यादी कोरी कशी?

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "बाई दुपारी काय करत होत्या, ते एकाला माहीत आहे. आणि त्याला विचारायचा पासवर्ड माझ्याकडे आहे."

५

तो मोडेमकडे बोट दाखवत होता. हिरवे दिवे शांतपणे चालू होते. दादाने लाइनवर एवढे आरोप केले होते, पण लाइन दिवसभरात एकदाही तुटली नव्हती.

"घरातलं कुठलंही यंत्र वायफायला जोडलं की हा वेळ लिहून ठेवतो," ऐकाराव म्हणाला. "सुटलं की तेही लिहितो. मी हात लावत नाही, उगाच म्हणाल बदललं. तुमच्या मोबाइलवर तुम्हीच उघडा, मी सांगतो तसं."

इन्स्पेक्टर एकेक अक्षर दाबत गेली. दादा खुर्चीवर बसला.

"यादीत आकडेच आकडे असतात, कुणाचं यंत्र कुठलं ते कळत नाही," ऐकाराव सांगत होता. "पण त्या दिवशी बाईंनी हट्ट धरला. म्हणाल्या, यालाही नावं द्या, बिननावाची वस्तू मला घरात चालत नाही. मग प्रत्येकाचं यंत्र जोडून मी इथे नाव लिहिलं. तीनच नावं आहेत."

पडद्यावर यादी उघडली. इन्स्पेक्टरने मोठ्याने वाचली.

"वरची. सकाळी नऊपासून आत्तापर्यंत, अखंड." भाडेकरणीने डोळे पुसले.

"बाई. बारा वाजून चार मिनिटांनी जोडला."

मावशीने तोंडाला पदर लावला. म्हणजे बाईंनी टॅब चालू केला होता. छातीत कळ आल्यावर त्या फोनकडे गेल्याच नव्हत्या. त्यांनी ऐकारावचं ऐकलं होतं. ऐकारावच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"सुटला," इन्स्पेक्टर पुढे वाचत होती आणि मध्येच थांबली. "तीन वाजून अकरा मिनिटांनी."

डॉक्टर दारातच थबकले. "शक्य नाही. तीनला त्या जाऊन दोन तास झाले होते."

"चार्जिंग संपून बंद झाला असेल," दादा म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मी आत्ता चालू केला तेव्हा ऐंशी टक्के होतं," इन्स्पेक्टर म्हणाली. "तो कुणीतरी बंद केला. यादी पुसली, टॅब फळीवर लेबलाच्या जागी ठेवला." तिने मोबाइलवरची नजर काढली नाही. "तिसरं नाव वाचू?"



६

"दादा," तिने वाचलं. "तीन वाजून चार मिनिटांनी जोडला. तीन एकोणीसला सुटला. परत चार अठ्ठावन्नला जोडला."

"तुम्ही म्हणालात," ती दादाकडे वळली, "भाडेकरणीने कळवलं तेव्हा ऑफिसातून निघालात आणि पाचला पोचलात. पाचचं इथे आहे. तीनचं काय?"

दादाने खिशातला मोबाइल काढून पाहिला. त्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण होती. आईच्या घरात पाऊल टाकलं की मोबाइल आपणहून जोडला जातो, हे पहिल्या दिवशी, जोडणी बघायला आला होता तेव्हा, त्यानेच आईला कौतुकाने दाखवलं होतं.

"मला आधी वाटलं," ऐकाराव म्हणाला, "फोन बंद आहे हे ज्याला माहीत नाही, त्यानेच रिसीव्हर हातात ठेवला असणार. पण मग त्याने लेबल कशाला काढलं असतं? लेबल त्यानेच काढलं, ज्याला माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं असं दिसलं, की दोष तारेवर जातो आणि टॅबचं कुणी विचारत नाही." त्याचा आवाज चढला नाही. त्याला राग यायला हवा होता, पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून राग येतच नव्हता. "का हो, दादा?"

दादा बोलायला लागला तो कुणाकडे न बघता.

"चार दिवस ती सारखी लावायची. पाखरू बघ, लेबल बघ, अक्षर बघ कसं आलंय. मी मीटिंगमध्ये होतो. बारा वाजून पाच मिनिटांनी आला. मी कापला. परत आला, कापला. पाच वेळा. शेजारचा हसला, म्हणाला आईचं नवं खेळणं. मीही हसलो." त्याने ओठ दाबले. "अडीचला परत लावला तर ती उचलेना. म्हणून आलो. ती तिथेच भिंतीला टेकून बसलेली, टॅब तिच्या मांडीवर होता. पडद्यावर माझा फोटो."



"धाकटीला काय सांगणार होतो? तिने विचारलंच असतं, आईने तुला लावला नाही का. मला एवढंच हवं होतं की तो प्रश्न कुणी विचारू नये. कुणाची नोकरी जाईल, कुणी अडकेल, हे सुचलंच नाही मला. त्या फोनकडे बघितलं आणि रिसीव्हर तिच्या हातात ठेवला."

"लेबल कुठे आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं. "टाकून दिलंत?"

त्याने नकारार्थी मान हलवली. शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक चौकोनी कागद. डिंकामुळे तो स्वतःलाच चिकटला होता. दादाला तो उलगडेना. इन्स्पेक्टरने घेतला, सावकाश सोडवला आणि वाचून ऐकारावच्या हातात दिला.

ऐकारावने या वेळी चष्मा नाकावर घेतला. फळ्यावर लिहावं तसं टपोरं अक्षर होतं.

हा फोन बंद आहे.

काही झालं तर टॅबवरून दादाला लावणे. तो लगेच उचलतो.

ऐकारावला वाटलं होतं, हे लेबल सापडलं की आपण सुटलो. तो सुटला होताच. बाईंना सगळं नीट समजलं होतं, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सहीची गरजच उरली नव्हती. पण त्याला हायसं वाटेना. त्याने कागद दादापुढे धरला, मग मागे घेतला आणि इन्स्पेक्टरला परत दिला. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

ऐकाराव वाकला आणि लोंबणारा रिसीव्हर उचलायला परवानगी आहे का, असं त्याने नजरेनेच विचारलं. इन्स्पेक्टरने होकारार्थी मान डोलावली. त्याने तो जागेवर ठेवला.

दादाचा मोबाइल पुन्हा वाजायला लागला. पडद्यावर बहिणीचा फोटो होता. दादाचा अंगठा सवयीने लाल खुणेकडे गेला आणि तिथेच थांबला. मोबाइल वाजत राहिला.

"उचला," ऐकाराव म्हणाला.

दादाने फोन कानाला लावला. पलीकडून बहीण हॅलो हॅलो करत होती.

"आईने लावला होता गं," तो म्हणाला. "ऐक."